घरचं माप

शिंपीमास्तरांच्या दुकानातल्या डमीला शहाणी म्हणत. तिला डोकं नव्हतं म्हणून. हात नव्हते, पाय नव्हते, मत नव्हतं. सुनेकडून याहून जास्त कुणी काय मागावं, असं मास्तरांची आई म्हणायची, आणि ती चेष्टेनं म्हणते असं सगळे धरून चालायचे.

मास्तर बायकांचे कोट आणि झगे शिवायचे. शहाणी जुन्या घडणीची होती. कागदाच्या लगद्याचं कडक धड, वरून जाड कापड ताणलेलं, आणि छाती, कंबर, नितंब अशा तीन जागी पितळी किल्ल्या. किल्ली पिळली की धडाच्या फाका एकमेकींपासून सरकायच्या आणि बाई जाड व्हायची. उलटी पिळली की बारीक. इतकं सोपं काम आपल्याला का जमू नये, म्हणून गिऱ्हाइकं तिच्याकडे बघत हळहळायची.

दुकानाचा नियम एकच. काम आटोपलं की शहाणीला घरच्या मापावर आणून ठेवायचं. घरचं माप म्हणजे वहिनीचं. वहिनी ही मास्तरांची बायको. मास्तरांची बहीण सासरी जाईपर्यंत दुकानात बसून तिला हाका मारायची, ती हाक सगळ्या रस्त्यानं उचलली. लग्नाच्या वर्षी मास्तरांनी कौतुकानं बायकोचं माप घेतलं, शहाणीवर चढवलं, आणि तेव्हापासून सगळी कापणी त्यावरूनच. हिला कमरेत दोन बोटं जास्त, तिला खांद्यात एक कमी. गावातली कोण जाड आणि कोण बारीक, हे वहिनीवरून ठरायचं. वहिनीला स्वतःला मात्र कुणी काही शिवून दिलं नव्हतं. ती काय, घरचीच.

तर या वहिनीला मूल हवं होतं, आणि तिची पाळी तिचं ऐकत नव्हती. बेभरवशाच्या पाहुण्यासारखी वागायची. महिनोन् महिने थांगपत्ता नाही, आणि वहिनीनं आशेनं श्वास रोखला, मनातल्या मनात नावंसुद्धा ठरवली, की सामानसुमान घेऊन मुक्कामाला हजर. चाचणीच्या कांडीवर एकच रेघ उमटायची. वहिनी ती खिडकीशी नेऊन तिरकी धरायची, दुसरी अंधुक दिसते का बघायला. सल्ले फुकट असल्यामुळे भरपूर होते. कुणी म्हणालं वजन उतरव, कुणी म्हणालं चढव. शेजारीण म्हणाली, "विचार करणं सोडलंस की होईल बघ." तेव्हापासून वहिनी विचार सोडण्याचा विचार करत बसायची.

शेवटी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "बीज वेळेवर तयार होत नाहीये. त्यावर गोळ्या आहेत. पुष्कळजणींना गुण येतो, सगळ्यांनाच नाही. पाळी आली की दुसऱ्या दिवशी या, नवऱ्याला घेऊन. त्यांचीही तपासणी करू. फारच लांबली तर तशाच या, ती यायचं औषध देईन."

झालं! आजवर जी आली म्हणून रडायचं, तिची आता वाट बघायची. आणि वाट बघितल्यावर ती कशाला येते?

त्याच सुमाराला एके सकाळी मास्तरांनी शहाणीला अर्धवट शिवलेला कोट चढवला, तर कमरेत दोन्ही कडा भेटेनात.

"किल्ली फिरवलीस का गं?"

"मी कशाला फिरवू?" वहिनी इस्त्री करता करता म्हणाली.

मास्तरांनी किल्ली उलटी पिळून कंबर जागेवर आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी किल्ल्याच काढून खिशात ठेवल्या. सकाळी फाकांमध्ये बोट जाईल एवढी फट होती, आणि ती फट पाठीत नव्हती, पुढे होती. पुढच्या बाजूला फाक सरकायची सोयच त्या डमीत नव्हती. ताणलेलं कापड मात्र कुठं उसवलं नव्हतं. ते बिचारं बेतानं वाढत होतं.

"उंदीर असेल," मास्तर म्हणाले. उंदीर आतून पोटाला गोलाई कशी देतो, हे त्यांनी सांगितलं नाही.

सासूबाईंनी चष्मा लावला, शहाणीभोवती एक फेरी मारली, आणि खुर्चीत बसून घेतलं. "मेल्यांनो, कळत कसं नाही? घरच्या मापावर आहे ना ती? मग पोट कुणाचं?"

सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं. वहिनीनं स्वतःकडे बघितलं. पोट होतं तसं सपाट.

"आई, कांडीवर एकच रेघ आली. परवाच बघितली."

"कांडीला काय कळतंय? कालची पोर ती. शहाणी या घरात माझ्या आधीपासून आहे."

खरं सांगायचं तर वहिनीलाही ते पटावंसं वाटलं. पाळी लांबली होतीच. आशेला पुरावा लागत नाही, निमित्त लागतं. तिनं डॉक्टरीणबाईंकडे जायचं पुढे ढकललं. "आता कशाला उगाच औषधं?" मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की तिला नाही म्हणवेना.

मग घरात कोडकौतुक सुरू झालं. शहाणीचं. तिला दाराच्या वाऱ्यातून उचलून आतल्या कोपऱ्यात नेलं. उचलायला मास्तर आणि वहिनी, वजनाची बाजू वहिनीकडे. मास्तर तिच्या पोटावर टाचण्या टोचेनासे झाले. सासूबाईंनी तिला स्वतःची शाल पांघरली. शिवणयंत्राचा खडखडाट नको म्हणून दुपारी काम बंद, ते वहिनीनं संध्याकाळी उरकायचं. ढिगानं कपडे इस्त्री करून वहिनीची कंबर धरली, तर सासूबाई म्हणाल्या, "जरा हळू आपट गं ती इस्त्री. दचकेल ती."

कापणी मात्र शहाणीवरूनच चालू होती. त्या दिवसांत दुकानातून गेलेल्या सगळ्या कोटांच्या कमरा सैल निघाल्या. गिऱ्हाइकं तक्रार घेऊन आली की मास्तर प्रसन्नपणे म्हणायचे, "जेवा जरा."

एका दुपारी वहिनी दुकानात एकटीच काज करत बसली होती. ओटीपोटात ओळखीची कळ आली. ती मोरीत जाऊन आली. पाळी आली होती, भरपूर, काही शंका ठेवू नये इतकी. ती दाराला टेकून थोडी रडली. पण यावेळी रडण्यात थोडी सुटकाही होती, हे तिचं तिलाच चमत्कारिक वाटलं. आता डॉक्टरीणबाईंकडे जाता येईल. आणि आता ही शहाणी जागेवर येईल, असं वाटून तिनं शाल बाजूला केली.

शहाणी जागेवर आली नव्हती. सकाळपेक्षा मोठी होती.

वहिनीनं पोटावर तळवा ठेवला. लगद्याचं धड नेहमी गार असायचं. ते उबदार होतं, नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखं. तिनं हात काढायच्या आत, आत कुठंतरी काहीतरी सरकलं. शेजारच्या खोलीत कुणी सावकाश पलंग ओढावा, तसं. मग थांबलं. तळवा जिथं होता, बरोब्बर तिथं थांबलं.

ती मागे हटली, ती थेट स्वयंपाकघरात. सासूबाई टेबलाशी बसून पांढऱ्या कापडाचं एक एवढंसं अंगडं बेतत होत्या.

"आई, मला पाळी आलीये."

सासूबाईंनी मान वर केली नाही. दोरा दातानं तोडला. "असू दे गं," त्या मायेनं म्हणाल्या. "तिला नाही ना आली?"

 वहिनी दुकानात परत आली. मास्तर बाहेरून येऊन शहाणीची शाल नीट करत होते.

"अहो, माझं माप घ्या."

"आत्ता? कशाला? तुझं माप तर..." त्यांनी शहाणीकडे हात केला.

"माझं घ्या."

तिचा आवाज ऐकून मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. गावातल्या यच्चयावत बायकांच्या कमरा त्यांना तोंडपाठ होत्या. बायकोच्या कमरेशी आले तेव्हा त्यांचा हात घुटमळला. टेप गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"हे चुकतंय."

"काय?"

"तू अशी नव्हतीस. खांदा उतरलाय. कंबर... ही कंबर घरची नाहीच. केव्हा बदलली?"

"हळूहळू."

"बोलली नाहीस ती?"

"शिंप्याला सांगावं लागतं होय?"

मास्तर टेप हातात धरून उभे राहिले. एवढी वर्षं त्यांनी रोज शहाणीला बायकोच्या मापावर आणलं होतं, आणि त्या मापाची बायको या घरात केव्हाचीच उरली नव्हती. त्यांनी सावकाश मान वळवली.

"मग ही कुणाच्या मापाची आहे?"

 शालीखाली काहीतरी एकदाच हललं.

"ते मला माहीत नाही," वहिनी म्हणाली. "मला पाळी आलीये. उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. तुम्हालाही बोलावलंय. औषधाला गुण येईल की नाही, ते त्याही सांगत नाहीत. येणार आहात?"

मास्तरांनी खिशातून पितळी किल्ल्या काढल्या. कमरेची किल्ली भोकात बसवली आणि उलटी पिळायला जोर लावला. किल्ली फिरली नाही. आतून कुणीतरी तिचं दुसरं टोक धरून ठेवलं होतं, आणि त्याची पकड मऊ होती. मास्तरांनी चटका बसल्यासारखा हात काढला.

"येतो," ते म्हणाले.

सकाळी दोघं निघाली. दुकान बंद ठेवलं होतं. सासूबाईंनी यायला साफ नकार दिला. तिला एकटीला कसं सोडायचं, म्हणाल्या. दोघं पायरी उतरली तेव्हा आतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. त्या काहीतरी सांगायच्या, थांबायच्या, 'हो का?' म्हणायच्या, पुन्हा थांबायच्या. मग खुदकन हसल्या. वहिनीशी त्या इतकं गोड कधी बोलल्या नव्हत्या.

मास्तरांचा पाय पायरीवरच अडला. वहिनी थांबली नाही. ती कोपऱ्यापर्यंत पोचली तेव्हा मागून त्यांची पावलं आली, आधी रेंगाळत, मग पळत.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं, पेनाचं टोपण काढलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"शेवटची पाळी कधी आली?"

"कुणाची?" मास्तरांनी विचारलं.

बाईंनी पेन थांबवून त्यांच्याकडे बघितलं.

"माझी," वहिनी म्हणाली. "काल."