मोठीच्या नावाची नळी

मुलांनो, क्षणभर अशी कल्पना करा, की तुमच्याशेजारी बसलेलं मूल म्हणजे हुबेहूब तुम्हीच आहात. तेच नाक, तेच कान, पुढचे दोन दात तसेच फावड्यासारखे. आता त्या मुलाचं डोकं ठणकतंय, दिवा लावला तरी त्याला मळमळतंय, आणि तुमच्या डोक्याला मात्र काही म्हणता काही झालेलं नाही. कसं वाटेल तुम्हाला?

धाकटीला चोरासारखं वाटायचं.

ती आणि मोठी जुळ्या. मोठी जरा आधी जन्मली म्हणून मोठी, इतकंच. मोठीला अर्धशिशी होती. डॉक्टर त्याला मायग्रेन म्हणत. आईच्या माहेरी ती बऱ्याच जणींना होती, पण या दोघींत नेमकी मोठीच्याच वाट्याला आली. डोकं दुखायला लागलं, की मोठी पडदे ओढून उशीखाली तोंड खुपसून पडायची आणि धाकटी बाहेर पकडापकडी खेळायची. खेळ ऐन रंगात आला, की धाकटीला तिचं मन खायला उठायचं. आईच्या पोटात वाटणी होताना चांगलं ते आपण ओढून घेतलं आणि नको ते मोठीच्या गळ्यात मारलं, असं तिनं मनाशी धरूनच ठेवलं होतं. म्हणून मोठीचा गृहपाठ ती करायची, मोठीच्या वाटची भांडी ती विसळायची. एकदा तर मोठीच्या वाटची बोलणीही तिनं मुकाट्यानं खाल्ली होती.

मग एका प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. अर्धशिशी घराण्यात कशी उतरते, याचा शोध घेणाऱ्या तिथल्या डॉक्टरबाईंना जुळी भावंडं हवी होती. मामानं दोघींना दारात सोडलं.

"उतरा, जोडगोळी. तुमच्यात मोठी कोण नि धाकटी कोण ते आत गेल्यावर ठरवा. मी कामं उरकून न्यायला येतो."

आधी धाकटीची पाळी होती. डॉक्टरबाईंनी तिला झोप, खाणं, खेळ, सगळं विचारलं. "तुझं डोकं कधीच दुखत नाही?" यावर "नाही" म्हणताना तिनं डोळे पुसले आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्यामुळे तिचं दुखतं." बाईंनी तिला पाणी दिलं. शेवटी एका छोट्या नळीत रेघेपर्यंत थुंकी जमवून ती बाहेर आली.

बाहेर बाकावर मोठी दोन्ही हातांनी डोकं धरून बसली होती.

"घड्याळाचे आकडे अर्धेच दिसतायत," ती पुटपुटली. "येतंय गं."

"मी आत सांगते."

"नको. परत पाठवतील. एवढ्या दिवसांनी नंबर लागलाय. मग माझं कोण शोधणार?"

कोपऱ्यात कोट टांगायची खोली होती, बिनखिडकीची. धाकटीनं तिला तिथल्या बाकड्यावर निजवलं आणि दिवा मालवला.

"माझ्याऐवजी तूच जा," मोठी डोळे मिटून म्हणाली. "थुंकी काय, आपली सारखीच की."

"आणि प्रश्न?"

"माझं दुखणं तुला माझ्यापेक्षा पाठ आहे."

ते मात्र खरं होतं. धाकटीनं मोठीचा निळा स्वेटर चढवला, आपला पिवळा तिच्या उशाला दिला आणि ती पुन्हा आत गेली. दुखायच्या आधी काय दिसतं? अक्षरांच्या मधोमध भोक पडतं आणि त्याच्या कडेनं करवतीचे दाते चमकतात. मग? मग एका बाजूनं कुणीतरी आतून हातोडी मारत राहतं. उलटी झाली की जरा उतार पडतो. ती कुठेच अडखळली नाही. दुसरी नळीही भरली. आज आपण मोठीच्या खरोखर कामी आलो, असं वाटून तिला हायसं वाटलं.

हायसं वाटलं, तशी जीभही सुटली. "डॉक्टर, आम्ही तर एकसारख्या. मग दोन नळ्या कशाला? एकीत भागलं नसतं?"

बाई हसल्या. "तुम्ही दोघी म्हणजे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती. अक्षरन् अक्षर तेच. मग तुझंच डोकं का दुखावं? तर शरीर ते पुस्तक सगळं वाचत नाही. काही पानं उघडतं, काही चिकटवून टाकतं. तुझ्यात उघडलेलं आणि तिच्यात चिकटलेलं असं एखादं पान असेल, तर त्याची खूण या थुंकीत सापडेल, अशी आम्हाला आशा आहे."

"आणि दोन्हींत सगळं सारखंच निघालं तर?"

"तर फरक इथे नाही असं समजून आम्ही दुसरीकडे शोधत बसू."

धाकटीची नजर टेबलाकडे गेली. तिथे दोन्ही नळ्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोन्हींत तिचीच थुंकी.

"तोंड का उतरलं? दुखायला लागलं का?" बाईंनी उठून खिडकीचा पडदा ओढला. "एक सांगू? तुझी बहीण मघाशी इथे रडवेली झाली होती. तिला वाटतं, तुझं दुखणं तिच्यामुळे आहे. तिला सांग, पोटातल्या बाळांना वाटणी करता येत नाही. तिनं तुझं काही म्हणजे काही घेतलेलं नाही."

हे कुणीतरी म्हणावं म्हणून धाकटी किती दिवस आसुसली होती. आणि आता ऐकलं, ते मोठी होऊन. आज मात्र तिनं मोठीचं खरोखरच काहीतरी घेतलं होतं.

ती कशीबशी उठून कोटांच्या खोलीत आली.

"झालं?" अंधारातून मोठीनं विचारलं.

"झालं."

"आता शोधतील ना गं?"

खरं सांगावं, तर मोठीला इथवर पुन्हा यावं लागणार आणि मामाची, आईची बोलणी बसणार. गप्प बसावं, तर मोठी वाट बघत राहणार आणि शोधणारे भलतीकडेच शोधत राहणार. मोठीनं चाचपडत तिचा हात धरला. "तू होतीस म्हणून," ती म्हणाली.

धाकटीनं हात सोडवून घेतला आणि ती डॉक्टरबाईंच्या खोलीकडे चालू लागली. बाई दुसऱ्या नळीवर मोठीच्या नावाची चिठ्ठी चिकटवत होत्या.

"मी मोठी नाही," धाकटी म्हणाली. "मोठी बाहेर अंधारात पडलीय. ही थुंकीपण माझीच आहे."

आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत तिनं त्यांच्या हातातून ती नळी काढून घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.