जहाजात अव्वाची जागा

बुधवारी अव्वाचा फोन आला तेव्हा सिंधु डबा खात होती. नांदेडच्या एका कोचिंग क्लासमध्ये ती जीवशास्त्र शिकवायची. एक ते दीड एवढीच तिची सुट्टी, आणि अव्वा बरोबर एक वाजून पाच मिनिटांनी फोन लावायची. तोवर लातुरात तिच्या मेसमधल्या पोरींची पहिली पंगत उठलेली असायची.

"काय करायलीस?"

"जेवतेय."

"काय हाय?"

"दोडका."

"तूच केलास? मग जेवतेय कशाला म्हणतीस? गिळतेय म्हण." अव्वा स्वतःच्या बोलण्यावर मनापासून हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ऐक. जहाज लागलं हाय."

सिंधुनं घास तसाच ठेवला आणि स्टाफरूममध्ये कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. अठ्ठावन्न वर्षांची मेसवाली आई लॅपटॉपवरच्या खेळातल्या, परग्रहावरच्या जहाजाबद्दल बोलते, हे तिनं आजवर एकाही सहकाऱ्याला सांगितलं नव्हतं.

"या रविवारी येतीस का? मला जहाजात बसवायचं हाय."

"बुशरा आहे, सृष्टी आहे, रोज खेळतात तुझ्याबरोबर. त्या बसवतील की."

"त्या बसल्या कवाच्या. मला एकटीला आत जाववत न्हाई गं."

अव्वा काय म्हणतेय ते सिंधुला कळलं. चांगलंच कळलं. कळलं म्हणूनच ती घाईनं म्हणाली, "या रविवारी टेस्ट आहे अव्वा. पुढच्या रविवारी नक्की येते."

"पुढचा शेवटचा हाय. दुपारी बाराला जहाज सुटतंय."

"येते म्हटलं ना."

"बरं. आन् दोडक्यात कूट घालत जा जरा. हात आखडू नको."

टेस्ट शनिवारी होती. रविवार मोकळा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसची स्वयंपाकीण बसम्मा कणीक भिजवायला आली, तर अव्वा अजून अंगणातल्या बाजेवर निजलेली. असं कधी झालं नव्हतं. तिनं दोन हाका मारल्या, मग पायाला हात लावला, आणि तिथूनच ती ओरडत रस्त्यावर आली.

*

हा खेळ अव्वाच्या घरात शिरला तो टाळेबंदीत. लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्या रातोरात ओस पडल्या, मेस बंद झाली, पण उदगीरची बुशरा आणि लोह्याची सृष्टी या दोघी मागं अडकल्या. अव्वानं त्यांना वरची खोली दिली. सिंधुचा जुना लॅपटॉप पोरींच्या ऑनलाइन तासांसाठी काढून दिला. तास संपले की पोरी त्यावर तो खेळ उघडायच्या. दूर कुठल्यातरी ताऱ्याभोवती फिरणारा एक करडा ग्रह, त्यावर जगभरातली माणसं आपापलं पात्र घेऊन हिंडायची, वस्त्या करायची, लढायची, आणि कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलायची. मोहिमेवर जायला पाच जणांची टोळी लागे. या दोघी आणि गावी गेलेल्या त्यांच्या दोन मैत्रिणी मिळून चार होत्या.

"काकू, तुम्ही बसा ना. नुसतं मागं उभं राहायचं," बुशरा म्हणाली.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"काही कळायची जरूरत नाही. आमच्यापैकी कुणी पडलं की हे बटण दाबायचं. आम्ही उठतो."

"कितीबी वेळा?"

"कितीबी वेळा."

अव्वानं चष्मा लावला. दोन महिन्यांत ती त्या टोळीची मालकीणच झाली. "बुशरा, पुढं पुढं पळू नको, मेलीस तर मी न्हाई उठवणार," हे वाक्य मेसच्या अंगणात रोज ऐकू येई, आणि अव्वा दर वेळी तिला उठवे. पोरी मोठ्या झाल्या, पांगल्या. बुशरा हैदराबादेत डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला पोचली, सृष्टी पुण्यात नोकरीला लागली. टोळी मोडली नाही.

एक गोष्ट मात्र अव्वा कधी करायची नाही. खेळ बंद करताना पात्र एखाद्या छपराखाली नेऊन ठेवलं, तर त्याला दुसऱ्या दिवशी जास्तीची ताकद मिळे. सगळे खेळाडू तेच करत. अव्वा आपलं पात्र उघड्या माळावर आणून सोडी. नुसतं उघड्यावर नाही, जवळच्या भिंतीची उंची डोळ्यानं मोजून, ती पडली तरी अंगावर येणार नाही एवढ्या अंतरावर. वर दोन पावलं आणखी. टोळीतल्या पोरींनाही ती बाहेर काढायची. "चला, भायेर निजा." पोरी हसत, पण ऐकत. ताकद कमी पडे, मोहिमा हरत, तरी ऐकत.

सिंधुला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. ती लहानपणापासून त्याच अंतरावर निजली होती.

भूकंप झाला तेव्हा ती जन्मलेली नव्हती. किल्लारीकडच्या एका खेड्यात अव्वाचं सासर होतं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं धाब्याचं छत. गणपती बुडवून आलेलं गाव पहाटे गाढ झोपेत असताना ते सगळं खाली आलं. अव्वा आणि अप्पा अंगणात होते, ते वाचले. आत सिंधुची आजी होती, आणि सिंधुचा भाऊ मृत्युंजय, चार वर्षांचा. सरकारनं नवं गाव वसवलं, तिथं घर मिळालं. अव्वा त्यात एक दिवस राहिली नाही. दोघं लातुरात आली, मेस टाकली, दोन वर्षांनी सिंधु झाली.

हे एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि याच्या पुढं कुणी बोलत नसे. पण सिंधु चौदा वर्षांची असताना गंगम्मा मावशी ज्वारी निवडता निवडता बोलून गेली. मृत्युंजयही अंगणातच निजला होता. मध्यरात्रीनंतर तो खोकायला लागला. दव पडतंय म्हणून अव्वानं त्याला उचललं आणि आत आजीच्या कुशीत नेऊन ठेवलं. "स्वतःच्या हातानं गं," मावशी म्हणाली, आणि सुपातले खडे वेचत राहिली.

सिंधुनं हे ऐकलं आणि ठेवून दिलं. पंधरा वर्षं ठेवून दिलं. विचारलं नाही, समजूत घातली नाही. अप्पा गेले तेव्हा नाही, नोकरी लागली तेव्हाही नाही. नांदेडला तिसऱ्या मजल्यावर तिनं घर घेतलं. अव्वा सकाळच्या एसटीनं येई, फरशी पुसून काढी, चार डबे भरून ठेवी आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाई. एक रात्र राहिली नाही. सिंधुनं रागानं आग्रह करणंच सोडलं. कारण माहीत असून ती रागावत राहिली. रागावणं सोपं होतं.

*

लिंगायतांच्या रीतीनं अव्वाला बसवून माती दिली. खड्ड्याच्या एका अंगाला आत कोनाडा कोरतात, तिथं तळहातावर लिंग ठेवून तिला बसवलं. शेवटचं पाहून घे म्हणून जंगमस्वामींनी सिंधुला पुढं बोलावलं. ती गेली नाही. तीस वर्षं उघड्यावर निजलेली बाई त्या कोनाड्यात बसलेली तिला पाहवली नसती.

पाव्हणे आले, गेले. दहाव्या दिवशी, शनिवारी, घरात सिंधु आणि बसम्मा दोघीच उरल्या. संध्याकाळी बुशराचा निरोप आला. ‘ताई, तुम्हाला त्रास देऊ नये असं वाटतं, पण उद्या बारापर्यंतच वेळ आहे. काकूंना मागं ठेवू नका.’

खाली तिनं सगळं नीट लिहिलं होतं. खेळाचा नवा भाग येत होता. जुना ग्रह कायमचा बंद होणार होता आणि सगळ्यांना नव्या हिरव्या ग्रहावर जायचं होतं. त्यासाठी प्रत्येकानं आपलं पात्र जहाजातल्या आपल्या खोलीत न्यायचं, बिछान्यावर निजवायचं आणि दार लावून घ्यायचं. जे बाहेर राहील ते जुन्या ग्रहाबरोबर पुसलं जाईल. चार वर्षांचं सगळंच.

सिंधुनं आधी फोन पालथा ठेवला. पडद्यावरचं एक चित्र. त्याच्यासाठी दुखवट्यात लॅपटॉप उघडून बसायचं? मग तिला वाटलं, अव्वानं चार वर्षं रोज हात लावलेली जगात दुसरी कुठली गोष्ट उरली आहे? लुगडी मावश्यांनी नेली. भांडी मेसची.

रविवारी अकरा वाजता तिनं लॅपटॉप अंगणातल्या बाजेवर मांडला आणि हेडफोन कानाला लावले. पासवर्ड लॅपटॉपलाच पाठ होता. करडा माळ उजळला, आणि मधोमध अव्वाचं पात्र उभं होतं. लांब अंगरखा घातलेली, पांढऱ्या केसांची एक बाई. मागं जहाजाची प्रचंड भिंत. पात्र त्या भिंतीच्या उंचीपेक्षा दोन पावलं लांब.

"अल्ला... काकू आल्या," कानात बुशराचा आवाज आला.

"मी सिंधु."

"हो ताई. माहितीये. ते हिरवं नाव पेटलं ना, तर तोंडातनं गेलं."

"ताई, मी सृष्टी. तुम्हाला चालवता येतं का? बाण दाबायचे."

"येईल."

नाही आलं. पात्र गोल फिरलं, एका दगडावर चढलं आणि तिथंच पाय हलवत राहिलं. सृष्टीला हसू फुटलं, तिनं ते गिळलं. "काकू पहिल्या दिवशी सेम अशाच अडकल्या होत्या. म्हणल्या, दगुड काढा की कुणीतरी."

सिंधुही हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा. दोघींची पात्रं जहाजातून बाहेर आली होती आणि अव्वाच्या दोन्ही बाजूंनी चालत होती. दार आलं. काळोखा, रुंद चौकोन. उंबरठ्याशी सिंधुचं बोट थांबलं.

"इथंच थांबायच्या त्या," बुशरा म्हणाली. "जहाज लागल्यापासून रोज. इथवर यायच्या, उभ्या राहायच्या, आणि परत माळावर. मी म्हटलं काकू, आम्ही आहोत ना सोबत, हात धरतो असं समजा. तर म्हणल्या, ह्ये तुमचं काम न्हाई पोरींनो."

"मग कुणाचं?"

बुशराचं पात्र अव्वाच्या पात्राजवळ सरकलं.

"तुम्ही रागावणार नाही ना? म्हणल्या, सिंधु येणार हाय. सिंधुला सगळं ठावं हाय. गंगम्मानं सांगितलं तवाच तिच्या तोंडावरनं मला कळलं. ती बोलत न्हाई, मी बी बोलत न्हाई. पण ती असली की मी आत जाईन."

अंगणात ऊन चढलं होतं. बसम्मा चुलीपाशी भांडी लावत होती.

"पावणेबारा झाले, ताई," सृष्टी हळूच म्हणाली.

सिंधुनं बाण दाबला. पात्र उंबरठा ओलांडून आत आलं. लांब बोळ, दोन्हीकडं दारं. पोरी पुढं चालून वाट दाखवत होत्या. अव्वाची खोली सगळ्यात शेवटी होती. पोरींनी मुद्दाम कडेची मागून घेतली होती, बाहेर पडायला लगेच वाट असलेली. आत एक अरुंद बिछाना, वर लोखंडी छत, अगदी जवळ. सिंधुनं पात्र बिछान्यावर निजवलं. पडद्यावर प्रश्न उमटला: दार लावायचं का?

बुशरा आणि सृष्टी दाराबाहेर उभ्या राहिल्या.

"आम्ही आवाज बंद करू का ताई?"

"नको. असू द्या."

शिकवताना, फोनवर, बँकेत ती जी मराठी बोलायची ती आता तोंडात येईना. अव्वाचीच आली. बोट बटणावर ठेवून, अंगणातल्या उन्हात, बसम्माला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली:

"अव्वा, मला टेस्ट नव्हती. मी भ्याले. तू त्याचं बोलशील म्हणून भ्याले. मला लई वर्षांपासनं ठावं हाय अन् मी तुला एवढंबी म्हणले न्हाई... पोरगं खोकत होतं, तू त्याला उबेला नेलंस. कुठलीबी आई नेईल. मी असते तर मला बी नेलं असतंस. तुझ्या हातानं न्हाई गेला तो, अव्वा. घर पडलं म्हणून गेला."

मग तिनं बटण दाबलं आणि बाराच्या आत दार लागलं.