काळी एक

मी एक जुना पियानो आहे. लंडनच्या पिनर उपनगरातल्या एका घराच्या बैठकीत उभा आहे आणि शनिवारी मला भंगारात न्यायला व्हॅन येणार आहे. तोवर माझी गोष्ट ऐकून घ्या, मित्रांनो.

लंडनच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पुढे चर्चच्या हॉलमध्ये मी वर्षानुवर्षं प्रार्थनागीतं वाजवली. हॉल पाडायला काढला तेव्हा शशिधर मला घरी घेऊन आले. दिवसभर स्लाऊच्या गोदामात राबून ते संध्याकाळी माझ्यापुढे बसत आणि ब्लूज हे अमेरिकेतलं दर्दभरं संगीत वाजवत. जन्मभर सरळमार्गी वागलेला मी म्हातारपणी बिघडलो. खोटं कशाला बोलू, फार सुख वाटलं.

त्यांनी स्वतः बांधलेली एक धून होती. ती पांढरी एक या सुरावरून निघे आणि तिथेच परत येई. ते तिचं घर. घरी शिरण्याआधी पांढरी पाचवरची कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले चार सूर, वाजवावी, असा रिवाज. शशिधर मात्र तिच्या जागी काळी एकवरची कॉर्ड घेत. ती त्या सुरांच्या कुटुंबातली नव्हे, बाहेरची. पण दोन्ही कॉर्डमध्ये दोन सूर सामाईक असतात, म्हणून बाहेरचीही बरोबर घरी पोचवते. फक्त पोचेपर्यंत जीव टांगणीला लागतो.

त्यांच्या पत्नी सुनीतीबाई पेटीवर भजनं म्हणत वाढलेल्या. त्यांना हे खपत नसे. स्वयंपाकघरातून त्या म्हणत, "अहो, तिथे चुकताय."

"चुकत नाही गं. वळसा घालून घरी येतोय."

"बाबा, राँग कॉर्ड आहे ती," पियानोच्या परीक्षा देणारी ईशिताही आईची री ओढायची. शशिधर हसायचे आणि पुन्हा तसंच वाजवायचे.

२००५च्या हिवाळ्यात ते गोदामातच कोसळले, ते परत आलेच नाहीत. त्यानंतर माझं झाकण उघडायचा कुणाला धीर होईना. सुनीतीबाईंनी माझ्यावर डाव्या बाजूला त्यांचा फोटो ठेवला, शेजारी फुलदाणी. फुलं रोज ताजी असत. पाणी बदलताना थोडं सांडे आणि फटीतून माझ्या पोटात, खर्जाच्या तारांवर झिरपे. मला गंज चढत होता. पण कुणी वाजवल्याशिवाय मी बोलणार कसा?

आता ईशिताला कार्डिफच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आहे. मायलेकी तिकडे राहायला चालल्यात. तिथल्या फ्लॅटमध्ये मला जागा नाही. काल तिने शेवटचं म्हणून झाकण उघडलं आणि बाबांची धून वाजवली, शेवटी रिवाजाप्रमाणे पांढरी पाचवरची कॉर्ड घेऊन.

खोकी भरणाऱ्या सुनीतीबाई थांबल्या. "चुकलीस तिथे."

"आई, हीच करेक्ट आहे."

"असेल. बाबा चुकायचे तसं वाजव."

ईशिताने खर्जातली काळी एक दाबली. नुसतं टक्क झालं. तिने फुलदाणी उचलून वरची फळी उघडली. गंजून तुटलेली तार आत लोंबत होती.

"ते पाणी मीच घालत होते ना गं," सुनीतीबाई म्हणाल्या.

मग त्या माझ्याजवळ आल्या. "तू बाकीचे सूर धर," म्हणाल्या आणि तो हरवलेला सूर त्यांनी स्वतःच्या गळ्यातून लावला. आवाज कापत होता, पण सुटला नाही. वळसा घालून धून घरी आली. दोघी कितीतरी वेळ रडल्या.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जपायची असेल तर ती वापरत राहा. नुसती फुलं वाहून ती टिकत नाही. आणि तुमच्या घरी कुणी रोज एकाच जागी चुकत असेल, तर एकदा त्यांच्याशेजारी बसून ती चूक शिकून घ्या.