सिस्टीम नावाचा माणूस

धसईच्या भाजी केंद्रात शेतकऱ्यांची यादी योगिनी सांभाळायची. दिवाळी झाली आणि गुणाबाई भेंडीच्या पाट्या घेऊन आली, तर संगणक तिचं नाव घेईना.

"चार वर्सां माल देतंय. माझा नाव कोनी काढला गो?"

योगिनीने नाव परत चालू केलं. दुसऱ्या दिवशी धाऊचं बंद, तिसऱ्या दिवशी आणखी तिघांची. नोंदीत बदल करणाऱ्याचं नाव एकच होतं, 'सिस्टीम'. वेळही रोज तीच, सकाळी सहा.

सहाला केंद्राला कुलूप असतं. किल्ली वजनकाटा सांभाळणाऱ्या भाविककडे, आणि हे नवं सॉफ्टवेअरही त्यानेच बसवून घेतलेलं. शेणवे गावातले त्याचे चुलतभाऊ इथेच माल घालत. त्यांची नावं मात्र जागच्या जागी होती. योगिनीच्या मनात पाल चुकचुकली. दोन दिवस तिने त्याच्यावर नजर ठेवली आणि मग केंद्राचे मालक अनंताशेठ यांच्या कानावर घातलं. शेठने भाविकचा पासवर्ड बंद केला, किल्लीही काढून घेतली.

"मी कशाला कुनाचा नाव काढू?" एवढंच बोलून भाविक वजनकाट्यावर गेला.

सकाळी यादी उघडली, तर आणखी दोन नावं गेलेली.

भाविककडे तर आता ना पासवर्ड होता, ना किल्ली. तिने सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला.

"मॅडम, सिस्टीम म्हणजे कुणी माणूस नाही," पलीकडची मुलगी म्हणाली. "ते खातं सॉफ्टवेअरमध्ये मुळातच असतं. नव्वद दिवस माल आला नाही, की ते आपोआप नाव बंद करतं. हा नियम आम्ही सगळ्याच गिऱ्हाइकांना लावलाय."

"मग शेणव्याची नावं कशी राहिली?"

"त्यांचा माल येत असेल. बघा ना."

योगिनीने पाहिलं. बाकीचे भातलावणीला लागले आणि दिवाळीपर्यंत फिरकले नाहीत, तेव्हाही चुलतभाऊ दर आठवड्याला कारली घालत होते.

तिने तो नियम बंद केला, सगळी नावं चालू केली आणि काट्याशी गेली.

"भाविक, चूक माझी. मी उगाच संशय घेतला."

त्याने क्रेट खाली ठेवला. "शेठला सांगितलंस?"

तिने सांगितलं, सगळ्यांदेखत. पासवर्ड मिळाला, किल्लीही मिळाली. पण त्यानंतर साधा फोन नंबर बदलायचा असला, तरी भाविक तिला हाक मारी, "जरा येऊन बघ, मी काय करतोय ते." आणि योगिनी हातातलं काम टाकून त्याच्यामागे जाऊन उभी राही.