डावे हात

वर्गातल्या मुलांनी तिला 'छोट्या बाई' करून टाकलं होतं, कारण मोठ्या बाई आधीच होत्या आणि ही तर अजून शिकाऊ. आज तिचा इथला शेवटचा सराव पाठ. प्रशिक्षण कॉलेजच्या मॅडम मागच्या बाकावर बसून गुण देणार होत्या, आणि पाठ बिघडला की वर्ष पाण्यात.

शिक्षिका असलेल्या थोरल्या बहिणीने युक्ती दिली होती. "प्रश्न विचारलास की सगळ्यांनी हात वर करायचे. येतंय त्यांनी उजवा, येत नाही त्यांनी डावा. तू उजव्यांनाच विचार. अगं, सगळेच करतात." छोट्या बाईंनी सकाळीच वर्गाला पढवून ठेवलं. गुपित म्हटल्यावर मुलांना आणखी काय हवं?

"अर्धा मोठा की पाव?" सगळ्या वर्गाचे हात वर. एका उजव्याला विचारलं, उत्तर बरोबर. मॅडम मान डोलावून लिहू लागल्या.

"आणि एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" पुन्हा सगळे हात वर, आणि सगळे डावे. उजवा औषधालाही सापडेना. नीट समजावून सांगायला हवं होतं. त्यासाठीच कापून आणलेल्या कागदाच्या पट्ट्या टेबलावर होत्या. पण हात वर केलेल्या वर्गाला समजावणार काय?

"सगळ्यांना येतंय की. पुढे चला," मॅडम मागून म्हणाल्या.

तिने स्वतःच फळ्यावर उत्तर लिहिलं, "बरोबर?" असं विचारलं आणि वर्ग एका सुरात "बरोबर" म्हणाला. इतकी शहाणी मुलं तिला आजच मिळायची होती.

"वर्गावर छान पकड आहे हो तुमची," जाताना मॅडम म्हणाल्या. "आता शिक्षिका शोभता." तिला रडू येत होतं आणि हसावं लागत होतं.

ती पिशवी भरत असताना पहिल्या बाकावरची मुलगी जवळ आली.

"बाई, मी डावा केला होता. दिसला ना तुम्हाला?"

"दिसला गं."

"मग आता सांगा ना."

तेवढ्यात घंटा झाली. मोठ्या बाई पुस्तकं घेऊन दारात उभ्याच होत्या. छोट्या बाईंनी पट्ट्या मुलीच्या हातात ठेवल्या.

"मोठ्या बाईंना विचार हं."

मुलीने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्यांना डाव्या हाताचं माहीत नाही."