मधल्या सीटचा पट्टा

सारिका, तू फक्त ऐक. मध्ये बोलू नको, "दीपिका, शांत हो" तर अजिबात म्हणू नको, आणि मी मालवणीत घसरले तर सांगलीवाल्यांना जेवढं कळेल तेवढं कळू दे. मला एक उत्तर द्यायचंय, आत्ता, आणि मला सुचत नाहीये.

वहिनीला तिळं झालं ते तुला माहितीय. सातव्यातच झालं. बावन्न दिवस झाले, समीक्षा वहिनी गोव्यातल्या हॉस्पिटलात आणि तिघं काचेच्या पेटीत. दोन पोरगे आता बरे आहेत. धाकटी मुलगी एक किलो आठशे. तिची मान पुढे पडली, हनुवटी छातीला टेकली, की तिचा श्वास थांबतो. म्हणून डॉक्टरीणबाईंनी दादाला बजावलं, मांडीवर एकही बाळ न्यायचं नाही, तिघांना तीन वेगळ्या बाळांच्या सीट, पट्ट्याने घट्ट बांधलेल्या, आणि निघताना त्या स्वतः खाली येऊन गाडी बघणार. त्यात शुक्रवारी वॉर्डात इन्फेक्शन शिरलं. दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाला परत व्हेंटिलेटरवर घेतलं. मग त्याच बाई म्हणाल्या, सोमवारी सकाळी न्याच. सोमवार म्हणजे उद्या गं!

आणि आमच्याकडे गाडी कुठली? दादाची मोटरसायकल. तो तारकर्लीला पर्यटकांच्या होडीवर. भाड्याची म्हणशील तर डिसेंबर संपत आलाय, मालवणात चार चाकं असलेली प्रत्येक वस्तू पाहुण्यांनी धरून ठेवलीय. ॲम्ब्युलन्समध्ये स्ट्रेचर एकच. आणि पुढे तीन महिने दर आठवड्याला तपासणी आहेच. म्हणून ठरलं, जुनी का होईना, स्वतःची घ्यायची. अडीच लाखांच्या आत.

सीट होत्या. वहिनीच्या भावाने मस्कतहून पाठवल्या, आणि मायेने पाठवल्या ना, म्हणून सगळ्यात रुंद! एकेक चव्वेचाळीस सेंटिमीटर. तीन शेजारी शेजारी म्हणजे एकशे बत्तीस. मी व्हिडिओ बघून बघून सगळं शिकले, आईची शिवणाची टेप पर्समध्ये टाकली आणि दादाच्या मागे बसून निघाले.

पहिली कुडाळला. छोटी, लाल, इतकी गोड. टेप लावली, दोन सीट बसत होत्या. तिसरीला जागाच उरेना. दादा म्हणाला, "एकाक डिकीत घालूया काय?" आणि स्वतःच इतका हसला, की मला रडू आलं.

दुसरी देवगडला, आंबेवाल्याची. जागा ऐसपैस, पण मागे पट्टेच नाहीत. मी विचारलं तर म्हणतो, "ते कापले गो बाय. आंब्याच्या पेट्यांक बांधूक बरे पडतत."

दादा म्हणाला, "मगे पोरांक पेटयेत घालून न्हेव?"

"खुशाल न्ही रे! माजो हापूस मुंबैक जाता, डाग पडणा नाय!"

तिसरी ओरोसला, सरकारी क्वार्टर्समधल्या एका साहेबांची. एकशे चौतीस! पट्टे तीन! मी टेप हातात धरून नाचले. तर साहेब आतून येऊन म्हणतात, "क्षमस्व, अर्ध्या तासापूर्वी एकांनी टोकन पाठवलं. आपल्याला कळवायचं राहून गेलं." राहून गेलं! दादा तिथेच पायरीवर बसला. नुसता चप्पलेतली वाळू झाडत बसला. चप्पलेत वाळू नव्हतीच.

ही झाली कालची गोष्ट. आज सकाळी दादाला भाईचा फोन आला. भाई म्हणजे बाबांचा मावसभाऊ, तारकर्लीत लॉज आहे त्याचा. म्हणाला, "गुरुप्रसादा, माजी जुनी आठ सीटर पडान आसा. घेवन जा. दोन लाख दी, ते पण सावकाश." आई देवासमोर जाऊन उभीच राहिली.

तिन्ही सीट रिक्षात घालून गेलो आम्ही, आईपण. माडाखाली उभी, पांढरी, टायर चांगले, इंजिन एका फटक्यात सुरू. मी मोजलं, एकशे सदतीस. परत मोजलं. परत एकशे सदतीस! तीन पट्टे! तिन्ही सीट ठेवल्या, दार लागलं गं, खट्ट करून लागलं, आणि दादाने मला उचललं. बावन्न दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा असा बघितला मी. आईने लगेच व्हिडिओ कॉल लावून वहिनीला सीट दाखवल्या. वहिनी पदराने तोंड झाकून हसत होती.

मग भाईने नारळ घेतला. आमच्याकडे गाडी घेतली की गाऱ्हाणं घालतात, एकाने देवाला मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा. भाई पुढे बोनेटजवळ, आई-दादा हात जोडून. मी मात्र आतच होते. डाव्या, उजव्या सीटचा पट्टा आवळून झालेला, मधली राहिलेली. मधली धाकटीची.

"बा देवा म्हाराजा! आज गुरुप्रसादान जी काय गाडी घेतल्यान, ती तेका लाभान दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

व्हिडिओत दाखवतात तसा मी सीटवर गुडघा दाबला आणि पट्टा ओढला. थोडा आला. परत ओढला, परत आला. मला वाटलं पट्टा सैल आहे. खाली बघितलं तर पट्टा नाही, पट्टा ज्याने गाडीच्या तळाला ठोकलाय तो बोल्टच हलतोय.

"तीन लेकरां सुखरूप घराक आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी मॅट उचललं. लॉज काढायच्या आधी भाई हीच गाडी मासळीला वापरायचा. बर्फाचं खारं पाणी किती वर्षं त्या मॅटखाली मुरलं असेल देव जाणे. मी बोट टेकवलं आणि बोट आत गेलं, सारिका. पत्र्यात. बिस्किटासारखा चुरा झाला.

खरं सांगू? मी मॅट परत टाकलं. कुणी बघितलं नव्हतं. तीन तासांचा तर रस्ता, दादा हळू चालवेल, काय होणारे? डॉक्टरीणबाई काय मॅट उचलून बघणार नाहीत. आईच्या हातातल्या मोबाईलवर वहिनी अजून हसत होती.

"वाटेर काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!"

आणि मी दोन्ही हातांनी जीव खाऊन पट्टा ओढला.

बोल्ट आला, आणि त्याच्यासोबत ताटलीएवढा पत्रा आला. भोकातून खालची कोंबडी दिसली मला. आई आपली म्हणतेच आहे, "व्हय म्हाराजा."

मग जे झालं ना! आईने फोन कट केला. भाई नारळ तसाच हातात घेऊन आला. "तोडलंस गो! बारा वर्सां कोणाक खरचाटला नाय ह्या गाडयेत! मी अर्ध्या दरान देतंय, आणि तू माका देवासमोर खोटो पाडलंस?" त्याचे डोळे भरले होते. त्याला माहीत नव्हतं गं, मला पक्कं वाटतं.

वेल्डिंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, कुजलेल्या पत्र्याला वेल्डिंग धरत नाही, तळच बदलायला हवा, आठवडा तरी लागेल.

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "दीपे, उद्या धा वाजता मी काय घेवन जाव? होडी?" आणि होडीची दोरी घेऊन आला. "सीट बांधतंय. माजी गाठ सुटणा नाय. वादळात होडी धरता ती गाठ."

"अरे गाठ नाय सुटाची! पण बांधतलंस कशाक? गाडयेच्या सीटीच्या पायाक ना? तो पाय खंय ठोकलेलो आसा? ह्याच पत्र्यार!"

त्याने ऐकलं. ऐकलं त्याने, मला दिसलं. तरी तो वाकून बांधायला लागला. आई म्हणाली, "समीक्षाक कोणी कायएक सांगा नको."

मी समुद्राकडे चालत आले. आणि वहिनीचा मेसेज आला. "दीपिका, फोन कट झाला. तिन्ही घट्ट बसल्या ना? मी इतर कोणाला विचारत नाही, तुलाच विचारते."

मी लिहिलं, "नाही. खालचा पत्रा कुजलाय. दादा दोरीने बांधतोय. त्या गाडीत बसू नको."

लगेच निळी खूण. मग कितीतरी वेळ नुसतं टाइप करतेय, थांबतेय, टाइप करतेय. आणि आत्ता, तुला फोन लावायच्या आधी हे आलं, वाचते, "आज दुपारी शेजारच्या पेटीतल्या बाळालाही ताप आला. आमची पेटी त्याच्या लगेच बाजूला. इथे ठेवू की त्या गाडीत घालू? तू सांगशील ते करते."

मी सांगेन ते! मी एकवीस वर्षांची आहे गं! तिकडे दादा गाठी मारतोय, इकडे ती फोन हातात धरून बसलीय, आणि मी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. बोल आता, बोल ना. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?