कान हाती आला, पाय टेकले नाहीत

मित्रांनो, मोटारसायकल चालवणाऱ्याला सगळे गाव ओळखते. त्याच्या मागे कोण बसले होते, हे दुसऱ्या दिवशी कोणाच्या ध्यानातही राहत नाही. ते ध्यानात ठेवायचे काम माझे. मी एका लष्करी फटफटीची मागची गादी आहे, आता वय झालेली. माणसांची तोंडे मी फारशी पाहिली नाहीत. पण कोण कसा बसतो यावरून मी माणूस सांगू शकते. तोंड खोटे बोलते, बैठक सहसा बोलत नाही.

माझा जन्म मेहकरचा. मोठी लढाई नुकतीच संपली होती. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. जानेफळचा निवृत्ती पाच वर्षे फौजेत राहून घरी परतला होता. ब्रह्मदेशाच्या रस्त्यांवर तो मोटारसायकलीवरून डाक पोचवत असे. येताना त्याने लष्कराच्या लिलावातली एक फटफटी घेतली. तिला मागे नुसते लोखंडी कॅरिअर होते. म्हणून तो वाहेदचाचांकडे आला. वाहेदचाचा टांग्यांच्या गाद्या शिवत. त्यांनी एका मोडीत निघालेल्या टांग्याचे चामडे कापले, आत काथ्या आणि घोड्याचे केस ठासले आणि मला शिवले. पाय ठेवायला दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे बसवले.

मग चाचा म्हणाले, "निवृत्तीभाऊ, हे माप मोठ्या मानसाचं हाय. लेकरू बसवायचं असन तं मले सांगजा. दांडे वर घेतो, पट्टा लावून देतो."

"हाव चाचा," निवृत्ती म्हणाला आणि किक मारून निघून गेला.

'हाव' म्हणून निघून जाणारी माणसे मी पुढे पुष्कळ पाहिली.

पेट्रोल तेव्हा कूपनावर मिळे, त्यामुळे फटफटी रोज निघत नसे. निघाली की माझ्यावर बसायला रांग. किसनराव पाटील वेशीपर्यंत मिशीवर हात ठेवून बसायचे. वेस ओलांडली की दोन्ही हातांनी निवृत्तीची कंबर धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मेहकरला उतरल्यावर म्हणायचे, "हवा मस्त लागली बुवा." मी काय बोलणार? त्यांच्या मांड्यांची थरथर माझ्या काथ्यात अजून असेल. पण जो बसला तो माझी वाखाणणी करून उतरला, एवढे खरे.

निवृत्तीला मात्र माझ्यावर एकच माणूस बसायला हवे होते. त्याची मुलगी मंजुळा. तो फौजेत गेला तेव्हा ती पाळण्यात होती. परत आला तेव्हा सहा वर्षांची. ती त्याला कोणत्याच नावाने हाक मारत नसे. तो दारात आला की आईला सांगे, "आई, ते आले." तो शेव आणायचा, ती आईच्या हातून खायची. निवृत्तीने युद्धात काय काय पाहिले असेल ते असो. या 'ते'पुढे त्याचे काही चालत नव्हते. पण एक गोष्ट त्याने हेरली होती. फटफटी आली की पोरगी धावत बाहेर यायची आणि मला हात लावून पळायची.

त्या चैत्रात शेषराव मास्तर शाळेसाठी मुले टिपायला घरोघर फिरत होते. वयाचा दाखला कोणाकडे असणार? मास्तरांचा दाखला म्हणजे कान. मुलाने एक हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान धरायचा. कान हाती आला की पोर शाळेजोगे झाले. मंजुळेने हात नेला. बोटे कानाच्या अंगुळभर अलीकडेच राहिली. मग तिने हळूच मान कलती केली आणि कान पकडला. मास्तरांनी ते पाहिले. पण पटावर मुली कमी पडत होत्या, म्हणून ते आढ्याकडे पाहू लागले. निवृत्तीनेही पाहिले आणि सोडून दिले. त्याचे कारण वेगळे होते.

"कान आला हाती!" तो बायकोला म्हणाला. "आता शाळेत चालते तं फटफटीवर काऊन नाही चालत?"

"शाळेत पडली तं सतरंजीवर पडते," गीता म्हणाली. "अजून नाही."

"मंग कधी?"

"मी सांगीन तवा."

"फौजेत कप्तानानं मले इतकं ताटकळवलं नव्हतं."

"मंग कप्तानाच्या लेकराले बसवा."

निवृत्ती हसला. 'अजून नाही' कशावरून, हे त्याने विचारले नाही. पाच वर्षे एकटीने पोर वाढवलेल्या बाईने तेवढे आपणहून सांगितलेही नाही. विचारले असते तर सांगितले असते. आणि न विचारता सांगितले असते, तर त्याला आपण परके आहोत असे वाटले असते. अशा दोन शहाण्या माणसांच्या मधल्या जागेत ती पोरगी उभी होती.

चार दिवसांनी गीता शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायला गेली. निवृत्तीने मंजुळेला उचलले आणि माझ्यावर ठेवले. "चाल, मेहकरातून तुले पाटी आनू."

मित्रांनो, माणूस दांड्यांवर पाय टेकवून बसला की त्याचे थोडे वजन पायांवर जाते आणि मी हलकी होते. मंजुळेचे पाय दांड्यांच्या वीतभर वर लोंबत होते. तिचे सगळे वजन माझ्यावरच होते, चिंचोक्याएवढे, पण सगळेच्या सगळे. मला ते त्याच क्षणी कळले. निवृत्तीनेही खाली वाकून पाहिले. "वाढशीन," तो म्हणाला आणि त्याने किक मारली.

जाताना काही झाले नाही. पोरगी झाडे मोजत होती, ओरडत होती, बापाचा सदरा मुठीत घट्ट धरून होती. मेहकरला पाटी घेतली. बापाच्या हातून पहिल्यांदाच तिने पोटभर जिलेबी खाल्ली. परत निघाले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते.

तीन-चार मैल गेल्यावर झाडे मोजणे थांबले. सदऱ्यावरची मूठ सैल झाली. मग तिने गाल बापाच्या पाठीला लावला.

निवृत्ती बोलायचा थांबला. त्याने पाठ ताठ केली, जराही हलू दिली नाही, की गाल सरकायला नको. त्याला वाटले, पोरगी आपली झाली. पाच वर्षे आणि चार महिने वाट पाहिलेल्या माणसाला दुसरे काय वाटणार? पण मायेने टेकलेला गाल आणि झोपेने टेकलेला गाल यांतला फरक पाठीला कळत नाही. मला कळत होता. झोपलेले लेकरू जड होते आणि एका बाजूला घसरू लागते. मी चामड्याची. धरायला मला हात नाहीत, हाक मारायला गळा नाही.

बैलगाड्यांनी पाडलेल्या एका खाचेत चाक गेले. आणि मी एकदम हलकी झाले.

धक्क्याने ती सावरून बसली असेल, असे निवृत्तीला वाटले. तो जातच राहिला. "मंजुळे, भेली का?" त्याने विचारले. पुन्हा विचारले. मग त्याचा हात मागे आला आणि माझ्यावर पडला. तो हात मी कधीच विसरणार नाही. रिकामी गादी त्याने दोनदा चाचपली.

तो वळून आला तेव्हा रस्त्याच्या कडेला, खडीच्या ढिगाशी अंबूबाई नावाची म्हातारी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पाटीचे तुकडे पडले होते. मंजुळेचे कोपर नको त्या बाजूला वळले होते. ती रडत नव्हती, नुसती पाहत होती.

"फौजी हो," अंबूबाई म्हणाली, "पोरगी सांडली तुमची. जवारीचं पोतं सांडलं तरी मानूस मांगं पाह्यते."

अंबूबाई तिला कुशीत घेऊन माझ्यावर बसली आणि फटफटी पायी चालल्यासारखी मेहकरच्या दवाखान्यात गेली. हात बांधला, हाड जुळले. पण कोपर असे मोडले होते की तो हात पुन्हा कधी डोक्यापर्यंत गेला नाही. वेणी आईलाच घालून द्यावी लागे.

त्या दिवशी गीता ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "बैलगाडीत बसली का वेशीच्या बाहीर पडत नाही तं झोपते ते. गाडी हालली का तिले झोप लागते. तान्ही होती तवापासून." थोड्या वेळाने म्हणाली, "म्याही सांगतलं नाही."

दुसऱ्या दिवशी निवृत्तीने पाना घेऊन मला उतरवले आणि गोठ्यातल्या खुंटीला टांगले. मग सुरू झाले माझे वाईट दिवस. उंदरांनी काथ्या ओढला, चामड्याला भेगा पडल्या. एका कोंबडीने तर मला घरच केले. अशी तीन वर्षे गेली. फटफटी आता एकट्या निवृत्तीला घेऊन जात असे, आणि मागे बसू का म्हणून किसनरावही विचारत नसत.

मंजुळा नऊ वर्षांची झाली, अभ्यासात पुढे गेली. शेषराव मास्तर सांगायला आले, की मेहकरला सकाळच्या पारी परीक्षा आहे, पास झाली तर तिथल्या शाळेत घेतील. पोरीला घेऊन या. बैलगाडीने जायचे तर रात्रभर प्रवास, आणि गाडीत धक्के खात झोपलेली पोरगी पेंगतच परीक्षेला बसायची. तिसऱ्या दिवशी गीता गोठ्यात आली, कोंबडीला हुसकावले आणि मला खुंटीवरून काढले.

"वाहेदचाचाकडून नीट करून आना," ती नवऱ्याला म्हणाली. "दांडे वर घ्याले सांगा. पट्टा लावाले सांगा. अन् आधी मले बसू द्या."

चाचांनी मला नवा काथ्या घातला, पोट बांधायचा रुंद पट्टा लावला. या वेळी त्यांनी टाके नेहमीपेक्षा जवळ जवळ घातले.

गीता लुगडे सावरून माझ्यावर बसली तेव्हा अर्धे गाव पाराशी जमले होते. किसनराव म्हणाले, "वहिनी, जपून! पोटात गोळा येते बरं."

"तुमाले आला होता का भाऊजी? डोये मिटल्यावर कसं कळलं?"

पार हसला. गीता नाल्यापर्यंत जाऊन आली. उतरली तेव्हा तिचा चेहरा गंभीर होता. "याच्यावर बसलं का मानूस आपलं राह्यत नाही," ती म्हणाली. "चालवनाऱ्याचं होते. मी हो म्हनून काय होते? पोरीले विचारा."

मित्रांनो, इतक्या वर्षांत हे कोणाला सुचले नव्हते. कान पाहिला, वय पाहिले, उंची पाहिली. पोरीला विचारले नव्हते.

निवृत्ती तिच्यासमोर खाली बसला. "मंजुळे, बसशीन का?"

"नाही."

"पट्टा हाय आता. पाय टेकतेत. झोप लागन तं बांधलेली राह्यशीन."

"मी पडली," मंजुळा म्हणाली, "अन् तुमी चालले गेले."

"मले मालूमच नाही झालं, बाई."

"हाव. तेच."

परीक्षेला आठ दिवस उरले होते.

पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी सकाळी मंजुळा आपणहून आली, माझ्यावर चढली. पाय दांड्यांवर टेकले आणि मी हलकी झाले. तिने पट्टा स्वतः बांधला, वाकड्या हाताने, वेळ लावून. निवृत्तीने हात पुढे केला नाही. "नाल्यापर्यंत," ती म्हणाली.

वेशीपाशी येताच ती म्हणाली, "थांबवा."

निवृत्तीने थांबवली. "काय झालं?"

"काही नाही. चला."

विहिरीपाशी पुन्हा, "थांबवा."

पुन्हा थांबली. "सरकून राह्यली का?"

"नाही. चला."

नाल्याच्या अलीकडे चढ आहे. चढावर फटफटी थांबवली की पुन्हा उचलताना नाकी नऊ येतात, हे चालवणाऱ्यालाच ठाऊक. मागून एक बैलगाडी येत होती. बरोबर मध्यावर ती म्हणाली, "थांबवा." या वेळी अगदी हळू, इंजिनाच्या आवाजात जेमतेम ऐकू जाईल इतके.

निवृत्तीने थांबवली. एक पाय जमिनीवर रोवला, इंजिन बंद केले. मागचा गाडीवान ओरडला, "काऊन बे फौजी, मधातच?" निवृत्तीने त्याच्याकडे पाहिले नाही. मंजुळेलाही काही विचारले नाही. घाम टिपत तो चढावर फटफटी पेलून उभा राहिला, तिला पाहिजे तेवढा वेळ.

तेव्हा मला उमगले, मित्रांनो. मी समजत होते की पोरगी बसायला तयार झाली की नाही, हे आम्ही पाहत आहोत. पाहत होती ती. तिचा बाप तयार झाला की नाही, हे ती तपासत होती, आणि तेही अशा हळू आवाजात, की जो ऐकतच असेल त्यालाच ऐकू जावे.

"चला," ती शेवटी म्हणाली. "मेहकरलेही असंच चालवा."

आज माझे चामडे सोलले आहे आणि माझ्यावर कोणी बसत नाही. पण तुम्ही कोणाच्या ना कोणाच्या मागे बसणारच. तुमचे पाय टेकतात का, हे तुम्ही पाहा. झोप येत असेल, भीती वाटत असेल तर लाजू नका, सांगा. आणि लांब जाण्याआधी वेशीपाशीच एकदा, काही कारण नसताना, हळूच 'थांबवा' म्हणून बघा. जो थांबेल, त्याच्याच मागे बसा.